पहिला चौरंग, ऐनाच्या नक्षीदार लाकडाचा

लाकूडकाम शिकायला निघालेल्या माणसाला पहिल्याच फटक्यात जेवणाचं टेबल करायचं असतं. करू नका. चौरंग करा. दीड फूट चौरस, आठ इंच उंच, चार पाय, त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या आणि वर फळी. टेबलात जे काही अवघड असतं ते सगळं यात लहान मापात येतं: कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती जिच्यात बसते त्या खाचेचे सांधे, दोन फळ्या जोडून केलेला वरचा भाग, पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला ठेवायची मोकळीक. लाकूड अर्ध्या घनफुटाच्या आसपास लागतं, म्हणजे बिघडलं तरी घरी सांगता येतं. जमला तर येत्या गणपतीत लोकांसमोर येतो, आणि घरच्या कामाला याहून कडक परीक्षक मिळत नाहीत.

लाकूड मी ऐनाचं सुचवतो. सागाबद्दल तक्रार नाही. साग आज्ञाधारक आहे, रंध्याखाली लोण्यासारखा निघतो. पण आपल्याकडच्या जंगलांतली नक्षीदार लाकडं सागाच्या नावाखाली झाकली गेली आहेत. ऐन (विदर्भाच्या सीमेपलीकडे साजा), बिबळा, तिवस, शिसम यांच्या फळ्यांवर जे दिसतं ते सनमायकाच्या कुठल्याही कॅटलॉगात नाही. मगरीच्या पाठीसारखी खवलेदार साल असलेला ऐन सह्याद्रीत आणि विदर्भात सगळीकडे दिसतो. भंडारा-गडचिरोलीकडे याच झाडावर टसरचे किडे पोसतात. आतला गाभा तपकिरी, त्यात जवळजवळ काळ्या रेघा. परदेशी बाजारात हे लाकूड ‘इंडियन लॉरेल’ नावाने ओळखलं जातं आणि त्याचे निवडक ओंडके व्हिनियर, म्हणजे शोभेचे पातळ पापुद्रे, काढायला जातात. आपण मात्र वर्षानुवर्षं त्याचे वासे आणि खांब केले.

नक्षी येते कुठून

हे समजून घेतल्याशिवाय वखारीत जाऊ नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच ठरतो.

फळीवर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक रंगाची: गाभ्यातले गडद पट्टे. दुसरी तंतूंची. ऐन, बिबळा यांसारख्या झाडांत तंतू खोडाभोवती काही काळ डावीकडे झुकत वाढतात, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. फळी चिरली की शेजारशेजारच्या पट्ट्यांतले तंतू उलटसुलट दिशेने कापले जातात. एका पट्ट्यावर प्रकाश परावर्तित होतो, शेजारचा काळपट राहतो, आणि तुम्ही जागा बदललीत की दोघं अदलाबदल करतात. फळी ‘हलते’ असं वाटतं ते यामुळे.

ज्या तंतूंमुळे फळी चमकते तेच तंतू रंध्याखाली उपटले जातात. रंधा एका पट्ट्यावर तंतूंच्या कलाने चालतो तेव्हा शेजारच्या पट्ट्यावर तो त्यांच्या विरुद्धच चाललेला असतो. त्यामुळे माझा ठाम सल्ला: नक्षी फक्त वरच्या फळीला. पाय आणि पट्ट्या सरळ रेषांच्या लाकडाच्या करा, हवं तर त्याच ऐनाच्या सरळ भागातून. सरळ रेषांचं लाकूड सांध्यात मजबूत असतं, पटाशीखाली आडवं फुटत नाही, आणि चारही बाजूंनी नक्षी ओरडायला लागली की डोळा कुठे ठरत नाही.

वखारीत

खिशात चाकू, पाण्याची बाटली आणि जमलं तर छोटा रंधा घेऊन जा. करवतीच्या खरबरीत पृष्ठभागाखाली काय आहे ते कळत नाही, म्हणून वखारवाल्याला विचारून हातभर जागा तासा आणि तिच्यावर पाणी फिरवा. पाण्यात जो रंग दिसतो तोच साधारण तेल लावल्यावर दिसेल.

मग फळीच्या टोकाकडून बघा. वलयांच्या कमानी फळीच्या रुंदीला जवळपास समांतर असतील तर तोंडावर, म्हणजे फळीच्या रुंद बाजूवर, ज्वाळांसारखी, डोंगरांसारखी नक्षी मिळते. वलयं उभी, म्हणजे जाडीच्या दिशेने असतील तर सरळ चमकदार पट्टे मिळतात. दुसऱ्या प्रकारची फळी कमी हलते, कमी वाकते आणि नवशिक्यासाठी बरी. ओंडक्याचा मध्यबिंदू ज्या फळीत आहे ती घेऊ नका, ती फुटतेच. कडेचा पांढरट भाग सोडा, कारण भुंगेरे आधी तिथेच शिरतात. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर ती फळी कितीही देखणी असली तरी परत ठेवा.

एवढ्या कामाला हवं ते असं: वरच्या भागासाठी २ इंच जाड, साडेनऊ-दहा इंच रुंद, २० इंच लांब एक तुकडा, पायांसाठी २ इंच चौरस काठी, तीन फूट, पट्ट्यांसाठी १ इंच जाड, साडेतीन इंच रुंद, साडेपाच फूट. तुटफूट धरून पाऊण घनफूट घ्या. इतकं थोडं लाकूड द्यायला वखारवाले कुरकुरतात. तुकड्यांच्या ढिगात हात घालायची परवानगी मागा, तिथे कधीकधी उत्तम माल असतो.

जुनं लाकूड मिळालं तर फारच छान. कोकणात पडलेल्या घरांच्या तुळयांत ऐन आणि किंजळ सापडतो आणि तो कित्येक वर्षं वाळलेला असतो. मात्र चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक गंजका खिळा करवतीचं पातं खातो, आणि लाकूड चिरून देणारा तुम्हाला पुन्हा दारात उभं करत नाही.

शेताच्या बांधावर स्वतःचं ऐनाचं झाड असेल तर थेट कुऱ्हाड लावू नका. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, बिजा म्हणजे बिबळा, हळदू, तिवस, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीवर असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवान्याचं विचारून घ्यावं लागतं. वखारीतून घेतलंत तरी पावती जपून ठेवा. शिसमाचं आणखी एक: २०१७ पासून शिसमाचा सगळा वंश (डाल्बर्जिया) सायटिसमध्ये, म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, नोंदलेला आहे. पुढे-मागे परदेशातल्या भावाला शिसवी चौरंग पाठवायचा विचार असेल तर आधी नियम वाचा. आणि बाजारात ‘शिसम’ म्हणून उत्तरेकडचा शिशमही मिळतो. तो वाईट नाही, पण आपला काळपट-जांभळा शिसम नव्हे.

वाळवणं, म्हणजे थांबणं

ऐन वाळताना त्रास देतो. घाईने वाळवला तर टोकं फाटतात, तोंडावर बारीक भेगा येतात. ओलं लाकूड मिळालं तर दोन्ही टोकांना जाड रंग किंवा मेण फासा, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थर रचा आणि ऊन-वारा थेट न लागणाऱ्या जागी ठेवा. इंचभर जाडीला वर्षभर हा जुना हिशेब ऐनाला पुरतोच असं नाही. पहिल्या चौरंगासाठी म्हणूनच वाळलेलं लाकूड घेणं शहाणपणाचं.

वाळलं आहे हे ओळखायला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ते नसेल तर एक तुकडा अचूक वजन करून घरात ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन बदलायचं थांबलं की लाकूड तुमच्या घरच्या हवेशी जुळलं. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकली तर लाकूड शेवटी साधारण १५-१६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ३० टक्क्यांवर ६ च्या आसपास. पुण्यातला एप्रिल आणि पुण्यातला ऑगस्ट यांत एवढा फरक पडतो. पॉलिश केलेली फळी या दोन्ही टोकांपर्यंत जात नाही, पण ती वर्षभर त्यांच्यामध्ये ये-जा करत राहते.

याचा हिशेब करूनच ठेवू. सागाचं लाकूड ओलं ते पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने २.५ टक्के, आणि लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदीत जास्तीत जास्त ०.२ टक्के फरक. आपली फळी ४५० मिलिमीटर रुंद, आणि वर्षभरात ओलावा ६ टक्के बदलला, तर ती पाच मिलिमीटरच्या वर हलेल. ऐन सागापेक्षा जास्तच हलतो. वरची फळी खालच्या चौकटीला चारी बाजूंनी फेव्हिकॉल आणि खिळ्यांनी जखडली तर हे पाच मिलिमीटर कुठून तरी बाहेर पडणारच, आणि ते भेगेच्या रूपाने पडतात. जुने चौरंग मध्येच फाटलेले दिसतात ते बहुतेक यामुळे.

हत्यारं

फार लागत नाहीत. बारीक दातांची करवत, १४ इंची लोखंडी रंधा, पाव इंच आणि पाऊण इंच पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, रेघ ओढायचं मार्किंग गेज, लाकडी हातोडी, आवळून धरायचे चार क्लॅम्प. यापुढचे पैसे धारेच्या दगडांवर घाला: एक १००० नंबरचा आणि एक ४००० च्या पुढचा (नंबर मोठा तितका दगड बारीक). बोथट पटाशीने सागाचं काम कसंबसं होतं. ऐनाचं होत नाही. सागाचं लाकूड घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, ऐनाचं साडेआठशेच्या, आणि तो फरक मनगटाला पहिल्या दहा मिनिटांत कळतो. धार पाजवायचा कंटाळा येत असेल तर हे लाकूड तुमचं नव्हे.

आणि मास्क. ऐच्छिक नाही, एन-९५ दर्जाचा. लाकडाच्या भुशाने कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि शिसमाच्या भुशाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं.

फळी चिरणं आणि जोडी लावणं

२ इंची तुकडा सॉमिलमध्ये बँडसॉवर जाडीतून मधोमध चिरून घ्या. दोन फळ्या मिळतील, प्रत्येकी २३ मिलिमीटरच्या आसपास. शेवटची जाडी २० ठेवायची आहे. चिरल्यावर आतला भाग पहिल्यांदा हवेला लागतो, त्यामुळे फळ्या थोड्या वाकतात. मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे ठेवा आणि मगच रंधा लावा.

आता या दोन फळ्या कशा जोडायच्या, हा खरा मजेचा भाग. एक पद्धत म्हणजे पुस्तकाची दोन पानं उघडावीत तशा, म्हणजे डावीकडच्या नक्षीचं प्रतिबिंब उजवीकडे. दुसरी, दोन्हींचं तोंड एकाच बाजूला ठेवून शेजारशेजार सरकवणं. ज्वाळांची, डोंगरांची नक्षी असेल तर पहिली पद्धत सुरेख दिसते. चमकदार उभे पट्टे असतील तर दुसरी घ्या. कारण उघडलेल्या पानांत तंतूंचा कल उलटा होतो. त्यामुळे खिडकीतून प्रकाश आला की अर्धा चौरंग उजळ आणि अर्धा काळपट दिसतो, आणि जागा बदलली की उलट. काहींना ते आवडतं. मला ते जोडकामातली चूक झाकल्यासारखं वाटतं.

जोडीच्या फळ्या जमिनीवर ठेवून, दूर उभं राहून, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघा. ठरलं की सांध्यावर आरपार खडूने त्रिकोण काढा, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही.

सांध्याच्या कडा तासताना दोन्ही फळ्या एकत्र पकडून एकदम रंधा मारा. रंधा काटकोनापासून किंचित कलला तरी एका फळीचा कल दुसरीचा कल भरून काढतो. कोरड्या जोडून उजेडासमोर धरा. सांध्यातून उजेड दिसता कामा नये. मग ताज्या तासलेल्या कडांना पाण्यात टिकणारा फेव्हिकॉल लावा आणि तीन क्लॅम्प, दोन खालून एक वरून. कडेने फेव्हिकॉलचे बारीक थेंब यावेत, ओघळ नव्हेत. रात्रभर हात लावू नका. शिसम किंवा तेलकट लाकूड असेल तर डकवण्याआधी कडा थिनरने पुसून घ्या.

उलटसुलट रेषांवर रंधा

रंध्याच्या पात्यावर जी दुसरी पत्ती बसते, ती पात्याच्या धारेपासून अगदी जवळ आणा, पाव मिलिमीटरच्या आसपास. उचललेली साल तिथे लगेच मोडते, त्यामुळे लाकडाला पुढे फाटत जायला वाव राहत नाही. रंध्याचं तोंड अरुंद करा. पातं इतकं थोडं बाहेर काढा की निघालेल्या सालीतून वाचता यावं. सरळ न मारता तिरपा मारा. एवढं करूनही काही जागी तंतू उपटतीलच. तिथे हट्ट सोडा.

त्या जागांसाठी पोलादी पत्ती असते, पाऊण-एक मिलिमीटर जाड, पोस्टकार्डाएवढी. मोडकी करवत कापून केलेलीही चालते. कड कानशीने सपाट करा, दगडावर घासा, मग कठीण पोलादी सळीने दाबून तिला किंचित वळण द्या, हुकासारखं. दोन्ही अंगठ्यांनी पत्ती थोडी वाकवून पुढे ढकला. बारीक कुरळे छिलके निघाले तर हुक बरोबर, नुसता भुसा निघाला तर पुन्हा वळण द्या. रेषा कुठल्याही दिशेने असोत, ही पत्ती विचारत नाही. फक्त एकाच जागी घासत बसू नका, तिथे खड्डा पडतो आणि पॉलिशनंतर तो पहिल्यांदा तुमच्या सासूबाईंना दिसतो.

त्यानंतर पॉलिश पेपर: १२०, १८०, २४०, ३२०, नेहमी रेषांच्या दिशेने.

चौकट

पाय तासून ४५ मिलिमीटर चौरस, उंची १८० मिलिमीटर. पट्ट्या २० मिलिमीटर जाड, ७५ रुंद, कुसवासकट ३७० लांब, म्हणजे दोन्ही बाजूंना २५ चे कुसू आणि पायांमध्ये ३२० दिसणारी पट्टी. वरची फळी चारी बाजूंनी २० मिलिमीटर बाहेर राहील.

आधी खाचा, मग कुसू. खाच पटाशीच्या रुंदीची असते, ती बदलता येत नाही. कुसू मात्र तासून बसवता येतो. पट्टीचं बाहेरचं तोंड पायाच्या तोंडापासून ५ मिलिमीटर आत ठेवा. पाव इंची खाच पायाच्या बाहेरच्या तोंडापासून १२ मिलिमीटरवर सुरू होऊन १८ वर संपते. खोली २५. या मापाने एकाच पायातल्या दोन खाचा एकमेकींना भिडत नाहीत, मध्ये दोन मिलिमीटर लाकूड उरतं. खोल गेलात तर आत एकमेकींत घुसतील, मग कुसवांची टोकं तिरपी कापावी लागतील. पायाच्या वरच्या टोकापासून १० मिलिमीटर सोडून खाच सुरू करा, नाहीतर ठोकताना वरून पाय उकलतो.

खाच कोरताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं खोल जा, पटाशीची सपाट बाजू कडेला. कुसू हाताच्या दाबाने सरकून बसावा. हातोडीचे जोरदार ठोके लागत असतील तर ऐन फाटेल, नुसता पडत असेल तर फेव्हिकॉल ते भरून काढणार नाही. आधी दोन समोरासमोरच्या जोड्या डकवा, सुकल्यावर बाकीच्या दोन पट्ट्या. प्रत्येक वेळी कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. पाय डुगडुगत असतील तर सपाट फरशीवर ठेवून कुठला पाय लांब आहे ते बघा आणि तेवढाच तासा.

वरची फळी बसवणं

इथे खिळा नाही. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून १२ मिलिमीटर खाली, ६ मिलिमीटर रुंद खाचर, म्हणजे लांबट चर, काढा. इंच-सव्वा इंचाच्या लाकडी तुकड्यांना जीभ काढा, ती खाचरात बसेल आणि तुकडा फळीला खालून स्क्रूने धरेल. असे आठ तुकडे, प्रत्येक बाजूला दोन. जीभ दहा मिलिमीटर लांब आणि अशी बेतलेली की स्क्रू आवळल्यावर फळी चौकटीवर ओढली जाईल.

फळीच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या पट्ट्यांवर हे तुकडे खाचरातून बाजूला सरकू शकतात, तिथे खाचर त्यांच्यापेक्षा लांब ठेवलं की झालं. रेषांना समांतर पट्ट्यांवर मात्र ऋतू बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये चौरंग करत असाल तर फळी आकसलेली आहे, पावसात ती बाहेरच्या बाजूला फुगेल. म्हणून तुकड्याचं अंग आणि पट्टी यांत तीन-चार मिलिमीटर जागा सोडा. श्रावणात करत असाल तर फळी फुगलेली आहे, पुढे आत येईल. तेव्हा तुकडे पट्टीला जवळजवळ टेकवा, जीभ लांब आहे म्हणून सुटणार नाही. माझं म्हणाल तर दिवाळीनंतर करा, दोन्हीकडे थोडी थोडी जागा सोडली की पुरते.

स्क्रू पितळेचे. ऐनात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं आणि ओलाव्यात लोखंडाशी गाठ पडली की लाकडावर शाईसारखा काळा डाग पडतो. बिबळ्याचंही तेच. पॉलिशआधी फळीवर ओलं लोखंडी हत्यार ठेवू नका, स्टील वूल (घासायची लोखंडी तारेची लोकर) तर लांबच ठेवा.

तेल आणि चपडी

चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश सुंदर, पण चौरंगावर पाणी सांडतं, गरम समई ठेवली जाते, आणि चपडीवर पांढरी वर्तुळं उठतात. म्हणून वरच्या फळीला तेल. उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पूर्ण पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या हातातच पट्टे उजळतात आणि काळ्या रेघा खोल दिसू लागतात. टोकाच्या आडव्या कापलेल्या कडा जास्त तेल पितात आणि काळ्या पडतात, म्हणून त्या आधी ४०० च्या कागदाने घासून घ्या. तीन-चार हात पुरेत. खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकाच बाजूला दिलेत तर फळी वाकते.

पायांना चपडी चालेल: लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम, रात्रभर विरघळू द्या, गाळा आणि पातळ हात मारा.

तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून कापड आपोआप पेटू शकतं. चिंध्या पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

तेल पूर्ण सुकायला तीन आठवडे द्या. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा चौरंग उलटा करून तुकड्यांचे स्क्रू तपासा, ढिले असतील तर आवळा, पण फार घट्ट नको. वर्षातून एकदा, गणपती यायच्या महिनाभर आधी, तेलाचा एक हात फिरवा.